ड्रायव्हरमधले नल चेक रिव्ह्यू करताना काय काय बघायचं

ठाणे-बेलापूर रोडच्या दोन्ही बाजूंना, रबाळे, घणसोली, महापे, तिकडे ऐरोली आणि खाडीच्या अलीकडे ठाण्यात वागळे इस्टेट, मीटर म्हणा, गेटवे म्हणा, मोटर ड्राइव्ह म्हणा, असलं काही ना काही बनवणाऱ्या कंपन्या भरपूर आहेत आणि त्यातल्या बऱ्याच बॉक्सच्या आत आता लिनक्स चालतं, म्हणजे कुणीतरी ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) लिहितं आणि कुणालातरी तो रिव्ह्यू करावा लागतो. हे त्या रिव्ह्यू करणाऱ्यांसाठी आहे. फंक्शनची नावं आपण ऑफिसात बोलताना घेतो तशीच लिहितेय, सोर्समध्ये शोधायला अडचण येणार नाही.

रिव्ह्यूमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी कमेंट म्हणजे "इथे नल चेक टाक", म्हणजे पॉइंटर, मेमरीतला पत्ता ठेवणारं व्हेरिएबल, नल म्हणजे रिकामं आहे का ते वापरण्याआधी तपास. मला ही कमेंट बिलकुल पटत नाही, कारण बहुतेक वेळा देणाऱ्यानेही विचार केलेला नसतो आणि टाकणाराही गुपचूप दोन ओळी टाकून मोकळा होतो. विचारायचं असतं वेगळंच. ह्या पॉइंटरमध्ये नल येऊ शकतो का, येत असेल तर नक्की कुठल्या वाटेने, आणि चेक लागला की त्यापुढे ड्रायव्हर कुठल्या अवस्थेत राहणार. ह्या तिन्हीची उत्तरं मिळाल्याशिवाय चेक हवा पण म्हणू नका आणि नको पण म्हणू नका.

सुरुवात नेहमी पॉइंटर जिथे जन्माला येतो तिथून करा. ज्या फंक्शनने तो दिला ते फंक्शन उघडून वाचा, नावावरून अंदाज बांधू नका, कारण कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, फेल झाल्याचं सांगायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. मेमरी मागणारी केमॅलॉक, केझॅलॉक आणि त्यांची डेव्हएम भावंडं (घेतलेलं सगळं डिव्हाइस सुटताना आपोआप परत करणारी) फेल झाली की नल देतात. क्लॉक गेट, रेग्युलेटर गेट, केथ्रेड रन हे फेल झाले की एरर पॉइंटर देतात, म्हणजे एरर नंबर मायनस करून पॉइंटरमध्येच भरून देतात, आणि त्यासाठी ॲड्रेस स्पेसच्या अगदी वरच्या टोकाच्या ४०९५ व्हॅल्यू राखून ठेवलेल्या आहेत. असा पॉइंटर शून्य नसतो, त्यामुळे साधा नल चेक त्याला खुशाल आत सोडतो. आणि सगळ्यात जास्त फसवणारी जोडी म्हणजे डेव्हएम आयओरिमॅप आणि डेव्हएम आयओरिमॅप रिसोर्स. दोन्ही डिव्हाइसच्या रजिस्टरांपर्यंत पोचायचा पत्ता देतात, पण फेल झाल्यावर पहिलं नल देतं, दुसरं एरर पॉइंटर देतं. कुणी जुना कोड "जरा मॉडर्न" करायला जातं, पहिल्याच्या जागी दुसरं टाकतं, खालचा चेक तसाच राहतो, डिफमध्ये तर तो दिसतही नाही कारण ती ओळ बदललेलीच नाहीये. म्हणून पॅचमध्ये फंक्शन बदललेलं दिसलं की खालच्या न बदललेल्या ओळी उघडून बघायच्याच.

तिसरी जात ऑप्शनलवाल्यांची. जीपीआयओडी गेट ऑप्शनल किंवा क्लॉक गेट ऑप्शनल, ह्यांच्याकडून नल आला तर ती चूक नाहीच, त्याचा अर्थ बोर्डवर ती पिन किंवा तो क्लॉक जोडलेलाच नाहीये, आणि पुढची फंक्शनं नल घेऊन शांतपणे काहीही न करता परत येतात. एरर मात्र ते एरर पॉइंटरनेच देतात, त्यात प्रोब डिफर पण आला, म्हणजे "अजून तयार नाही, नंतर परत बोलव" सांगणारा, ५१७ नंबरवाला. इथे कुणी नल आला म्हणून प्रोब, म्हणजे डिव्हाइस सापडल्यावर ड्रायव्हर चालू करणारं फंक्शन, फेल करत असेल तर ज्या बोर्डवर रिसेट पिन नाही त्या बोर्डवर ड्रायव्हर कधीच चालू होणार नाही. एकाच ड्रायव्हरवर तीन-चार बोर्ड चालवणाऱ्यांना हे लगेच कळेल.

आता ह्या गोंधळावर लोकांनी काढलेला शॉर्टकट बघा, म्हणजे "इझ एरर ऑर नल". दोन्ही पकडतो, मग चिंता कसली, असं वाटतं. हा शॉर्टकट दिसला की मी तिथे थांबतेच. त्याच्या खालच्या ओळीत नव्वद टक्के वेळा काय असतं म्हणाल तर "रिटर्न पीटीआर एरर", म्हणजे पॉइंटरमधून एरर नंबर काढून तो परत दे. आता पॉइंटर खरंच नल असेल तर पीटीआर एरर काय देणार? शून्य. आणि प्रोबमधून शून्य परत आलं म्हणजे कर्नलच्या दृष्टीने सगळं यशस्वी झालं. म्हणजे इनिशियलायझेशन अर्धवट, इंटरप्ट (डिव्हाइसचा लक्ष वेधणारा सिग्नल) घेतलेला नाही, पुढचे मेंबर भरलेले नाहीत, आणि तरी डिव्हाइस ड्रायव्हरला बांधला गेला. मग कुणीतरी सिसएफएसमधली, म्हणजे ड्रायव्हरची माहिती दाखवणारी, फाईल वाचतं किंवा सस्पेंड होतं आणि तिथे क्रॅश, जिथे ह्या क्लॉकचा काही संबंधच नाही. शिवाय ज्या कर्नलमध्ये क्लॉकचा किंवा रेग्युलेटरचा सपोर्ट कॉन्फिगमध्येच बंद असतो तिथे ती गेट फंक्शनं मुद्दाम नल देतात आणि तो नल बरोबर मानून पुढे जायचं असतं. म्हणून हा शॉर्टकट दिसला की सरळ विचारा, हे फंक्शन नल देतं की एरर पॉइंटर देतं, आणि जे देतं तेवढंच तपासायला सांगा.

नल देणारी काही फंक्शनं लोकांच्या लक्षातच राहत नाहीत. डेव्हएम केएस्प्रिंटएफ त्यातलं एक नंबर, नाव बनवायला वापरतात, दिसायला स्ट्रिंगचं फंक्शन, पण आत मेमरी घेतं आणि फेल झालं तर नल देतं. दुसरं डिव्हाइस गेट मॅच डेटा. डिव्हाइस ट्रीमधल्या (बोर्डवर काय काय आहे त्याच्या वर्णनातल्या) कंपॅटिबल नावाने मॅच झालं तर डेटा मिळतो, पण सिसएफएसच्या ड्रायव्हर ओव्हरराइडने कुणी भलताच डिव्हाइस ह्या ड्रायव्हरला बांधला तर नल मिळू शकतो. ह्या केसला महत्त्व द्यायचं की नाही ह्यावर माणसामाणसाचं मत वेगळं असतं, ओव्हरराइड करायला रूट, म्हणजे ॲडमिनचा अधिकार, लागतो वगैरे, पण माझं मत असं की एका चेकमध्ये काम होतंय तर टाकावा.

आणि छोटं ॲलोकेशन फेल होतच नाही म्हणून चेक काढा असं सांगणारेही भेटतात. जीएफपी कर्नलने, म्हणजे थांबायची तयारी ठेवून, मागितलेली थोडी मेमरी प्रत्यक्षात क्वचितच नाकारली जाते हे खरं आहे, पण ती सवलत आजच्या ॲलोकेटरची आहे, तसं कुणी लिहून दिलेलं नाही, आणि इंटरप्टमधून जीएफपी ॲटॉमिकने, म्हणजे न थांबता, मागितली तर ती सहज नाकारली जाते. चेक राहू द्या. फक्त त्याच्या आत "मेमरी नाही" असा मेसेज छापत असतील तर तो काढायला सांगा, कर्नल स्वतःच तो छापतो आणि पॅच तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट पण त्यावर ओरडते.

आता क्रम. चेक आहे, पण कधी आहे? वर व्हेरिएबल डिक्लेअर करतानाच पॉइंटरच्या आतला मेंबर वाचलेला असतो आणि चार ओळींनी खाली तोच पॉइंटर नल आहे का विचारलेलं असतं. हे नुसतं दिसायला वाईट आहे असं नाही. २००९ मध्ये लिनक्सच्या टन ड्रायव्हरमध्ये, म्हणजे व्हीपीएन वगैरेला लागणाऱ्या व्हर्च्युअल नेटवर्क ड्रायव्हरमध्ये, पोल फंक्शनच्या सुरुवातीला आधी टनच्या आतला सॉकेट वाचला होता आणि मग टन नल आहे का तपासलं होतं. जीसीसी कंपायलरने हिशोब केला की पॉइंटर एकदा वाचलाय म्हणजे तो नल असूच शकत नाही, आणि तो चेक ऑप्टिमायझेशनमध्ये उडवून टाकला. सोर्समध्ये चेक आहे, बायनरीत नाही. ब्रॅड स्पेंग्लरने त्यावर चालणारा एक्सप्लॉइट जाहीर केला, शून्य पत्त्यावर स्वतःचं पान मॅप करून कर्नलचे अधिकार मिळवणारा. त्याला सीव्हीई, म्हणजे सुरक्षेतल्या चुकांच्या जाहीर यादीतला, २००९-१८९७ नंबर आहे. त्यानंतर कर्नलच्या बिल्डमध्ये नल चेक न उडवण्याचा फ्लॅग आला, आणि खालची पानं मॅप करू न देणारं एममॅप मिन ॲडर तर त्याआधीपासून होतं पण त्याला वळसा घालता येत होता. तुमच्या कर्नलला तो फ्लॅग आहे म्हणून निवांत राहू नका, कारण क्रम उलटा असला तर फ्लॅग असूनही मशीन तिथे पडणारच, चेक येण्याआधीच पॉइंटर वाचून झालेला असतो.

जे मायक्रोकंट्रोलरवरून लिनक्सवर आलेत त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, आपल्या भागात असे इंजिनियर बरेच आहेत. कॉर्टेक्स-एमवर शून्य पत्त्यावर साधारणपणे व्हेक्टर टेबल असतं, तिथून वाचलं तर क्रॅश होत नाही, सुरुवातीची स्टॅक पॉइंटरची व्हॅल्यू मिळते आणि कोड पुढे चालत राहतो. त्यामुळे "तिकडे तर वर्षानुवर्षं चालत होता" हा कोड चेकशिवाय बरोबर असल्याचा पुरावा धरू नका, तिकडे तो चुकीची व्हॅल्यू वाचून चालत असू शकतो.

उलटी बाजू पण बघायला हवी, म्हणजे जिथे नल येऊच शकत नाही तिथे लावलेले चेक. प्रोबच्या पहिल्या ओळीत पीडेव्ह (प्रोबला मिळणारा डिव्हाइसचा पॉइंटर) नल आहे का विचारणं निरर्थक आहे, ड्रायव्हर कोअर तो भरल्याशिवाय प्रोबला बोलवतच नाही. मेमरी परत देणारं केफ्री नल घेतं, त्याच्या आधी इफ लावायची गरज नाही. हे निरुपद्रवी वाटतं पण नाहीये, कारण पुढचा वाचणारा चेक बघून समजतो की इथे नल येत असणार, मग तो आणखी तीन ठिकाणी चेक लावतो, आणि खरा बग कुठे आहे ते त्या गर्दीत दिसेनासं होतं. त्याहून वाईट म्हणजे कंटेनर ऑफच्या निकालावर लावलेला चेक. कंटेनर ऑफ मेंबरच्या पत्त्यावरून पूर्ण स्ट्रक्चरचा पत्ता काढायला फक्त वजाबाकी करतो, आत नल दिला आणि मेंबर स्ट्रक्चरच्या सुरुवातीला नसेल तर बाहेर नल येणार नाही, भलामोठा कचरा पत्ता येईल. चेक करायचाच तर आत जाणाऱ्या पॉइंटरवर करा. लिस्टचंही तसंच, लिस्ट फर्स्ट एंट्री रिकाम्या लिस्टवर नल देत नाही, लिस्टच्या हेडलाच एंट्री समजून काहीतरी पत्ता देतं, नल हवा असेल तर "ऑर नल" वालं व्हर्जन वेगळं आहे. आणि लिस्ट फॉर ईच एंट्रीचं लूप पूर्ण फिरून संपलं की लूपचं व्हेरिएबल नल नसतं, त्यामुळे "सापडलं नाही तर नल" असा लूपखाली लिहिलेला चेक कधीच लागत नाही. हा प्रकार कर्नलमध्ये इतका पसरला होता की व्हेरिएबल लूपच्या आतच डिक्लेअर करता यावं ह्या चर्चेतून २०२२ मध्ये ५.१८ पासून कर्नल सी भाषेच्या सी११ आवृत्तीवर गेला.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग, वेळेचा. ड्रायव्हरमधला नल बऱ्याचदा ॲलोकेशनमुळे नसतोच, पॉइंटर अजून भरलेला नसतो किंवा नुकताच पुसलेला असतो म्हणून असतो. प्रोबमध्ये इंटरप्ट मागणारं रिक्वेस्ट आयआरक्यू कुठल्या ओळीवर आहे ते बघा. ती ओळ संपल्या क्षणापासून इंटरप्ट येऊ शकतो, बूटलोडरने डिव्हाइस चालूच सोडला असेल तर लगेच येईल. मग हँडलर, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन, ज्या ज्या पॉइंटरला हात लावतो ते सगळे त्या ओळीच्या वर भरलेले आहेत का, एकेक करून जुळवा. ड्रायव्हर डेटा सेट करणं खाली राहिलंय आणि हँडलर ड्रायव्हर डेटा मागतोय, हे फार वेळा सापडतं. अशा वेळी पॅच पाठवणारा हँडलरमध्ये नल चेक टाकून देतो, आणि क्रॅश खरंच थांबतो, पण तो इंटरप्ट कुणी क्लिअरच केला नाही, लेव्हल ट्रिगर, म्हणजे क्लिअर होईपर्यंत चालूच राहणारा, असेल तर तो येतच राहतो आणि शेवटी कर्नल ती लाइन बंद करून टाकतो. इथे चेक नाही, ओळींचा क्रम बदलायला सांगायचा.

रिमूव्हच्या, म्हणजे डिव्हाइस सोडायच्या, वेळी हेच उलट्या दिशेने. डेव्हएमने घेतलेला इंटरप्ट रिमूव्ह फंक्शन संपल्यानंतर सुटतो, त्यामुळे रिमूव्हमध्ये कुणी हाताने काही फ्री करून पॉइंटर नल करत असेल तर मधल्या वेळात हँडलर येऊ शकतो. यूएसबीवाल्यांना तर हे रोजचंच, प्लांटमध्ये टेक्निशियन चालू मशीनची केबल उपटतो, डिस्कनेक्टमध्ये इंटरफेस डेटा नल होतो, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने युजरचं रीड चालू असतं. रीडमध्ये चेक आहे, पण चेकच्या ओळीत पॉइंटर एकदा वाचला आणि वापरताना परत वाचला, मध्ये डिस्कनेक्ट झालं, संपलं. लॉकशिवाय (दुसऱ्याला मध्ये येऊ न देणारं कुलूप न लावता) केलेला असा चेक बगची वेळ फक्त आणखी दुर्मिळ करतो. तुम्ही विचारायचं ते हे की हा पॉइंटर कोण, कुठल्या लॉकखाली बदलतं, आणि चेक आणि वापर दोन्ही त्याच लॉकखाली आहेत का.

चेक असला म्हणजे पॉइंटर चांगला असं होत नाही, ह्याचं मोठं उदाहरण विंडोजच्या बाजूला आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या अपडेटने जगभरातली विंडोज मशीनं निळी पडली, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख. पहिल्या दिवशी सगळीकडे "नल चेक विसरले" असंच फिरत होतं. नंतर मायक्रोसॉफ्टने क्रॅश डंप उलगडून दाखवला तेव्हा त्यात वाचण्याआधी नल चेक स्पष्ट दिसत होता. मूळ कारण असं निघालं की टेम्प्लेटमध्ये २१ फील्ड होती, कोड २०च पुरवत होता, आणि एकविसावं वाचताना ॲरेच्या बाहेरची व्हॅल्यू पॉइंटर म्हणून उचलली गेली, ती नल नव्हती म्हणून चेकमधून पास झाली. पॉइंटर ॲरेमधून येत असेल तर चेकच्या आधी इंडेक्सची हद्द बघायची ती ह्यासाठी.

विंडोज ड्रायव्हर बघणाऱ्यांनी बाकी सगळं असंच बघायचं, फक्त तिथे फंक्शनवर सॅल ॲनोटेशन असतात, कुठला पॅरामीटर ऑप्शनल आहे ते त्यात लिहिलेलं असतं, ती खरी आहेत का हेही रिव्ह्यूत बघा. ड्रायव्हर व्हेरिफायरमध्ये लो रिसोर्सेस सिम्युलेशन चालू केलं की ॲलोकेशन मुद्दाम फेल करून बघता येतात.

टेस्टिंगवाल्यांकडून डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, आला तर पॅच वाचण्याआधी त्यातला पत्ता वाचा. हेक्समध्ये १८ असेल तर २४ बाइट, म्हणजे नल पॉइंटरच्या आतला २४ व्या ऑफसेटवरचा मेंबर कुणीतरी वाचत होतं, ६४ बिटवर आधीचे तिन्ही मेंबर पॉइंटर असतील तर हा चौथा. पाहोल नावाचं टूल लावून स्ट्रक्चरचे ऑफसेट काढले की कुठला ते कळतं, आणि ओळ शोधायला कर्नलच्या स्क्रिप्ट फोल्डरमध्ये एफॲडर टू लाइन आहे. पण एक सावधगिरी. आयओरिमॅप रिसोर्सने बिझी म्हणून मायनस १६ परत दिलं, चेक चुकीचा होता, आणि कोडने त्या बेसमध्ये रजिस्टरचा ऑफसेट २४ मिळवला, तर बेरीज होते ८. कर्नल छापणार नल पॉइंटर, पत्ता ८. तुम्ही स्ट्रक्चरमध्ये आठवा बाइट शोधत बसाल आणि मुळात नल कुठे नव्हताच, एरर पॉइंटर होता. पत्ता छोटा आहे पण स्ट्रक्चरशी जुळत नाहीये असं वाटलं की रजिस्टरचे ऑफसेट लावून बघा.

टूल्स जरूर चालवा पण त्यांच्या आउटपुटचा पॅच बनवून देऊ नका. स्मॅच "आधी वाचलं, मग तपासलं" हा प्रकार फार चांगला पकडतं, कॉक्सिनेलच्या नल नावाच्या फोल्डरमधल्या स्क्रिप्टही उपयोगी आहेत. पण टूलने वॉर्निंग दिली म्हणजे दोन शक्यता असतात, एकतर पॉइंटर वाचायच्या आधी चेक हवा, नाहीतर खालचा चेकच फालतू आहे आणि तो काढायला हवा, आणि ह्यातलं कुठलं ते कॉलर वाचूनच ठरतं.

खरी खात्री फेल करून बघितल्यावर होते. फॉल्ट इंजेक्शन आणि फेलस्लॅब, म्हणजे ॲलोकेशन मुद्दाम फेल करणारे पर्याय, चालू करून कर्नल बिल्ड करा, डीबगएफएसमध्ये फेलस्लॅबच्या फोल्डरमधली "इग्नोर जीएफपी वेट" आधी एन (म्हणजे नाही) करा, नाहीतर झोपू शकणारी ॲलोकेशन फेल होतच नाहीत आणि तुम्हाला वाटेल कोड भारी आहे. मग शेलच्या स्वतःच्या प्रॉक फोल्डरमधल्या फेल-एनथ फाईलमध्ये एक आकडा लिहा आणि त्याच शेलमधून सिसएफएसच्या बाइंड फाईलमध्ये डिव्हाइसचं नाव लिहा. तितकावा कॉल फेल होतो. आकडा एकेकाने वाढवत न्यायचा, प्रोब पूर्ण यशस्वी होईपर्यंत, सुरुवातीचे काही आकडे शेलच्या स्वतःच्या कामात जातात ते सोडून द्या. प्रत्येक वेळी प्रोबने एरर द्यायला हवा, शून्य नाही, आणि नंतर परत बाइंड केलं तर व्यवस्थित चालायला हवं. गोटूच्या, म्हणजे फेल झाल्यावर आवरायला जायच्या, लेबलमधल्या चुका, एरर पॉइंटर केफ्रीला दिलेला, हे सगळं ह्यात बाहेर येतं. लॅबमधल्या बोर्डवर एका दुपारचं काम आहे आणि ग्राहकाच्या साइटवर जाऊन लॉग काढण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलची टीम स्वतःच सीव्हीई नंबर देते आणि त्यात नल डिरेफरन्सचे फिक्स खूप असतात, त्यामुळे ग्राहकाच्या स्कॅन रिपोर्टमध्ये ही यादी आता येतेच, आणि "आमच्या प्रॉडक्टला लागू आहे का" ह्याचं उत्तर देताना उपयोगाला येतो तो कमिट मेसेज, म्हणजे बदलासोबत लिहिलेली टीप. म्हणून मेसेज पण रिव्ह्यू करा. "नल चेक टाकला" एवढ्यावर पास करू नका, नल कुठल्या वाटेने येतो, कुठल्या कमिटपासून येतो त्याचा फिक्सेस टॅग, आणि प्रत्यक्ष पडलं की फक्त टूलने दाखवलं, हे त्यात आलं पाहिजे.

कमेंट लिहिताना पण तेवढंच नेमकं लिहा. "इथे नल चेक हवा" च्या ऐवजी असं काहीतरी: "डेव्हएम केएस्प्रिंटएफ मेमरी नसेल तर नल देतं आणि पुढच्याच ओळीत हे नाव स्ट्रकंपमध्ये जातंय, त्यामुळे मायनस ईनोमेम रिटर्न कर. वरचा क्लॉक डेव्हएमने घेतलाय म्हणून गोटू नकोय. खालच्या रिमूव्हमधला प्रिव्हचा चेक मात्र काढ, प्रोब यशस्वी झाल्याशिवाय रिमूव्ह येतच नाही." ज्युनियरला दुसऱ्यांदा विचारायला यावं लागत नाही, आणि पुढच्या पॅचमध्ये तो डेफिनेशन स्वतः उघडून बघतो.